जुन्या सांगाड्यात नवे इंजिन

उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांना फिरवणारी उघडी जिप्सी कधी वाकून खालून पाहा. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, म्हणजे आडवी ठेवलेली शिडीच. इंजिन, अ‍ॅक्सल, बॉडी सारे या चेसीवर बोल्टने बसते. जुन्या जीप आणि पिकअपही अशाच, म्हणून त्यांत दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे सोपे जाते. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याची बॉडीच भार पेलते. ती कापली की ताकदच जाते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून छोटी जीप घडवली. खर्च सुमारे 60 हजार रुपये, आणि सुरू करायला दुचाकीसारखी किक! डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात ती बोलेरो लोहारांना मिळाली. अशी हातातली विद्या मला फार मोलाची वाटते.

आधुनिक इंजिन मात्र एकटे येत नाही. सेन्सर, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि वायरिंगही सोबत आणावे लागते. अनेक गाड्यांत किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. जास्त ताकदीच्या इंजिनाने वेग वाढला तर ब्रेकचे विचारूच नका: वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि थांबताना तिची उष्णता ब्रेकलाच सोसावी लागते.

पान्याला हात लावण्याआधी आरटीओ गाठा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा बदलांवर बंधने घालते.