स्वतः आखलेली पदवी

पदव्युत्तर शिक्षण म्हणजे एका विषयाचें सखोल ज्ञान, ही समजूत रूढ आहे व ती सर्वस्वीं चुकीची नाहीं. परंतु कांहीं प्रश्न एका विषयाच्या कुंपणांत मावत नाहींत. शहराच्या पाणीपुरवठ्याचाच प्रश्न घ्या. नळ कसे टाकावेत हें स्थापत्यशास्त्र सांगेल, पाण्याचा दर काय असावा हें अर्थशास्त्र सांगेल. पण एका वस्तीस पाणी मिळतें व शेजारच्या वस्तीस मिळत नाहीं, याचें कारण शोधण्यास इतिहास व समाजशास्त्र यांकडे वळावें लागतें. अशा अभ्यासासाठीं विद्यार्थ्यास आपला अभ्यासक्रम स्वतः आखण्याची मुभा कांहीं विद्यापीठें देतात. न्यूयॉर्क विद्यापीठांत १९७२ सालीं सुरू झालेलें गॅलॅटिन स्कूल हें त्याचें एक ठळक उदाहरण होय. तेथें एम्. ए. चा विद्यार्थी मार्गदर्शक प्राध्यापकाच्या सल्ल्यानें निरनिराळ्या विभागांतील विषय निवडतो आणि शेवटीं प्रबंध, कलाकृति किंवा प्रत्यक्ष प्रकल्प सादर करतो.

मात्र मुभा म्हणजे स्वैरता नव्हे. आवडले ते विषय गोळा केले, तर पदवी मिळेल, विद्या मिळणार नाहीं. म्हणून प्रथम प्रश्न ठरवावा, मग विषय. निवडलेला प्रत्येक विषय त्या प्रश्नाच्या उत्तरांत कोणती भर घालतो, हें एका वाक्यांत सांगतां आलें पाहिजे. न आल्यास तो विषय गाळावा. संशोधनाची निदान एक पद्धति, मग ती आंकडेशास्त्राची असो वा दप्तरें वाचण्याची, पक्की शिकावी, आणि ती आरंभींच शिकावी.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कणा. अध्यापकाची जागा भरतांना बहुधा अमुकच विषयाची पदवी मागितली जाते. तेथें अनोळखी नांवाची पदवी अडचणीची ठरते. एक विषय प्रमुख ठेवून इतरांस त्याच्या साहाय्यास आणणें, हा त्यावरील शहाणपणाचा उपाय.

त्याच न्यूयॉर्क शहरांतील कोलंबिया विद्यापीठांत १९१३ सालीं दाखल झालेल्या भीमराव आंबेडकरांचा अभ्यास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. १९१५ सालीं मिळालेल्या त्यांच्या एम्. ए. पदवीचा प्रमुख विषय अर्थशास्त्र. पण जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र हे विषय होते. १९१६ च्या मे महिन्यांत मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रांत त्यांनीं भारतांतील जातिसंस्थेवर निबंध वाचला. स्वतंत्र अभ्यासक्रमाची योजना तेव्हां नव्हती. पण विषय अनेक असूनही कणा एक होता. अभ्यासक्रम आखूं पाहणाऱ्यानें घ्यावा तो हाच धडा.