खुब्याचे हाड रक्तावाचून मरते तेव्हा

जांघेत चमक येऊ लागली, मांडी घालून बसताना खुबा अडू लागला आणि कळ गुडघ्यापर्यंत उतरू लागली, की वारज्यासारख्या दाटीच्या उपनगरातही "वात धरला", "शिरेवर शीर चढली" असा निर्वाळा घरच्या घरी दिला जातो. आणि त्यावर विसंबून मालिशीत जे महिने जातात, त्याच महिन्यांत मांडीच्या हाडाचा गोल माथा कित्येकदा रक्तावाचून मरत असतो.

हाड मरते हे विधानच अनेकांना चमत्कारिक वाटते, कारण हाड मुळातच निर्जीव असते अशी आपली समजूत. वस्तुतः अस्थी जिवंत असते, अहोरात्र झिजते आणि पुन्हा घडते. मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पोचविणाऱ्या मुख्य वाहिन्या हाडाच्या मानेलगत वर चढतात, आणि त्यांना पर्यायी मार्ग फारसा नसल्यामुळे, मान मोडली, सांधा निखळला अथवा आतल्या सूक्ष्म वाहिन्या तुंबल्या, की पुरवठा खुंटतो. हे सडणे नव्हे. येथे जंतू नसतात, पू होत नाही. मृत हाड शरीराचा भार पेलता पेलता दुबळे होऊन खचते आणि सांधा कायमचा बिघडतो.

हा वार्धक्याचा रोग, ही दुसरी भ्रांती. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली करोनातून उठल्यावर हाच विकार जडलेल्या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले होते. करोनाच्या निदानापासून सरासरी ५८ दिवसांत त्यांचे दुखणे सुरू झाले, आणि करोनावर उपचार म्हणून त्यांना मिळालेले स्टेरॉइड सरासरी ७५८ मिलिग्रॅम, म्हणजे या विकाराशी पूर्वी जोडल्या गेलेल्या सुमारे २००० मिलिग्रॅमांहून पुष्कळच कमी होते.

यावरून स्टेरॉइड म्हणजे विष, असा जो निष्कर्ष लोकांनी काढला, तो मात्र अन्यायाचा आहे. कृत्रिम श्वसनावरील करोनारुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे ब्रिटनमधील चाचणीने २०२० मध्येच सिद्ध केले होते. शिवाय दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड आपल्या मुखत्यारीने एकाएकी बंद करणे प्राणावर बेतू शकते. दोषी तेवढेच एक नाही: अतिमद्यपानाने हेच घडते, आणि गडचिरोली-नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशीच वाहिन्या अडवितात.

सर्वांत घातक गैरसमज एक्स-रेविषयीचा. "फोटोत काही नाही" हा दाखला आरंभीच्या अवस्थेत ग्राह्य धरता येत नाही, कारण त्या वेळी बदल दिसतात ते एमआरआयमध्ये. हाड खचण्यापूर्वी निदान झाले, तर औषधे किंवा माथ्यातील दाब कमी करणारी छोटी शस्त्रक्रिया यांनी सांधा वाचण्याची आशा असते. खचल्यावर बहुधा कृत्रिम सांध्यावाचून इलाज उरत नाही. तेव्हा पूर्वी स्टेरॉइड घेतले असेल आणि जांघेतले दुखणे हटत नसेल, तर अस्थितज्ज्ञाला ती हकीकत न लपविता सांगा, आणि एमआरआयची गरज आहे काय, हे स्वतःहून विचारा.