पाठ केलेलं पेपरात जातं कुठं?

नारायणगडाची वाट एकदा पाहिली की दुसऱ्यांदा कुणाला विचारावी लागत नाही. आषाढीच्या गर्दीतही पाय बरोबर मंदिराकडं वळतात. मग रात्री चारदा वाचलेलं बायोचं प्रकरण सकाळी पेपर हातात आल्यावर गायब कसं होतं?

गंमत म्हणजे वाट आणि प्रकरण, दोन्ही कामं मेंदूच्या एकाच भागाकडं आहेत. कानाच्या पातळीला, आत खोल, दोन्ही बाजूंना एकेक. आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून नाव हिप्पोकॅम्पस.

१९७३ साली टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो या दोघांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसला विजेचे झपाझप हलके झटके दिले. दोन पेशींमधला सांधा त्यानंतर कित्येक तास जास्त जोरकस राहिला. हा सांधा म्हणजे सिनॅप्स. तो बदलतो, म्हणून आपण शिकतो.

बदल घडवणारा दारवान आहे एनएमडीए रिसेप्टर. या दाराच्या तोंडात मॅग्नेशियमचा बोळा बसलेला असतो. पलीकडून ग्लुटामेट हा निरोप्या आला तरी दार उघडत नाही. निरोप घेणारी पेशीही त्याच वेळी पुरेशी उत्तेजित असली तरच बोळा निघतो, कॅल्शियम आत घुसतं आणि सांध्यावर एएमपीए नावाचे आणखी रिसेप्टर येऊन बसतात. पुढच्या वेळी तोच निरोप मोठ्यानं ऐकू येतो. १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांच्या गटानं औषधानं हे दार बंद केलं, तर पाण्याच्या हौदात बुडालेला ओटा कुठं आहे हे उंदरांना नीट शिकताच येईना.

यावरून लगेच अभ्यासाच्या टिप्स काढणारे यूट्यूबवर ढीगभर आहेत, त्यांचं जाऊ द्या. पण २००६ चा रोडिगर आणि कार्पिक यांचा प्रयोग थेट कॉलेजच्या पोरांवरचा आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढं होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढं गेले. तुमचा पेपर पाच मिनिटांनी नसतो.

आता आपल्या जिल्ह्याच्या जवळचं. आई-बाप ऊसतोडीला आणि पोरं आजीकडं किंवा वसतिगृहात, हे बीडमध्ये कुणाला सांगायला नको. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या विदिता वैद्य यांच्या गटानं २०१३ मध्ये उंदरांच्या पिल्लांवरचं काम प्रसिद्ध केलं. जन्मानंतरच्या दिवसांत रोज काही वेळ आईपासून दूर ठेवलेली पिल्लं तरुणपणी हिप्पोकॅम्पसच्या परीक्षेत चक्क सरस निघाली. नव्या पेशीही जास्त. मध्यमवयात मात्र दोन्ही घसरलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि तुमचं भविष्य यात लिहिलेलं नाही. तरी ‘पोरगं हुशार आहे, म्हणजे सगळं ठीक आहे’ हा घरोघरी ऐकू येणारा हिशेब मला तेव्हापासून कच्चा वाटतो. वैद्य यांचा मुख्य विषयही मनाचे आजार आणि सेरोटोनिनचे रिसेप्टर हाच आहे. त्यांना २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

तेव्हा मार्क चांगले असूनही आतून काही बिनसलं असेल, झोप उडाली असेल, तर निकालाची वाट बघत बसू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे. फोन फुकट लागतो, आणि मराठीत बोलता येतं.