रुतलेलं नख, रुजलेले समज

ट्रॉम्बेचं जुनं नाव तुर्भे. खाडीपलीकडे नवी मुंबईतही एक तुर्भे आहे, त्यामुळे पत्ता सांगताना ‘अलीकडचं की पलीकडचं’ हे आधी स्पष्ट करावं लागतं, नाहीतर पाहुणे वाशीचा पूल ओलांडून बसतात. पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याचंही असंच होतं. नखाच्या कडेला सूज आली, ठणका लागला की घरात एकमुखाने निदान होतं: नखुरडं झालंय.

नखुरडं म्हणजे नखालगतच्या कातडीत जंतू शिरून आलेली सूज. ती बहुधा हाताच्या बोटाला येते. धुणीभांडी करणाऱ्या, मासळी साफ करणाऱ्या, ज्यांचे हात दिवसभर ओले असतात अशांना हा त्रास नेहमीचा. पायाच्या अंगठ्याला होतं ते बऱ्याचदा निराळं असतं. तिथे नखाची कड किंवा तिचं कुसळासारखं टोक बाजूच्या मांसात घुसतं आणि जंतू त्या जखमेतून मागाहून येतात. वरून दोन्ही सारखीच दिसतात, पू दोन्हीत होतो. पण एकात आधी जंतू, दुसऱ्यात आधी काटा.

कोळीवाड्यात हे समजावायला फार शब्द लागू नयेत. शिंगाळ्याचा काटा बोटात मोडून राहिला तर नुसतं वरून मलम लावून कोणी स्वस्थ बसत नाही. रुतलेलं नख हा तसाच काटा. फक्त तो बाहेरून आलेला नसतो, आणि मागून रोज थोडाथोडा वाढत असतो. खालचे बहुतेक गैरसमज हा काटा विसरल्यामुळेच होतात.

‘कोपरे खोलवर कापले की नख रुतत नाही.’

नेमकं उलटं. हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण त्याने पहिले दोन दिवस खरोखरच बरं वाटतं. कोपरा कापला की दाब कमी होतो आणि ठणका थांबतो. पण मोकळ्या झालेल्या जागेत बाजूचं मांस फुगून येतं, आणि मागून वाढणारं नख त्या मांसातच शिरतं. भरीला, ब्लेडने किंवा वाकड्या नेलकटरने खोल कापताना कडेचं एक टोक आत राहून जातं, ते डोळ्यांना दिसत नाही. मग आणखी खोल कापायचं, मग आणखी. मी सतराव्या वर्षी हा उद्योग सहा महिने केला.

नख सरळ आडवं कापावं. अगदी मुळाशी नको. दोन्ही कोपरे कातडीच्या थोडे पुढे दिसत राहायला हवेत. टोक टोचत असेल तर कानशीने किंचित घासावं. नखं शनिवारी काढावीत की नाही, दिवे लागल्यावर काढावीत की नाही, यावर आपल्याकडे जेवढी चर्चा होते त्याच्या चौथा हिस्सा ती कशी काढावीत यावर झाली असती तर बरंच भागलं असतं.

याचाच एक भाऊ म्हणजे नखाच्या मधोमध खाच पाडण्याचा उपाय. खाच भरून काढायला नख मध्याकडे ओढलं जातं आणि कडा सुटतात, असं म्हणतात. नखाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. त्याला खाच भरून काढायची बुद्धी नाही. नख तयार होतं ते मागे, कातडीखाली दडलेल्या मुळापाशी, आणि तिथून पुढे सरकत येतं. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड-दोन मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष जातं. पुढच्या टोकावर काय कोरलंय याची मागच्या मुळाला खबरही नसते.

घरगुती उपायांचं काय? लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसायचं, हळद-गूळ-चुन्याचा लेप, गरम कांद्याचं पोटीस. आजीच्या या उपायांना मी हसणार नाही. पोटिसाच्या शेकाने ठणका थोडा उतरतो, हे खोटं नाही. पण फाटलेल्या कातडीवर चुना भाजतो, लिंबू चरचरतं, आणि लेपाखाली पू वाढतोय की कमी होतोय हे दिसत नाही. मिश्री किंवा राख तर मुळीच भरू नये. आणि यातलं काहीही रुतलेलं टोक बाहेर काढत नाही.

अगदी सुरुवातीला, म्हणजे नुसतं दुखतंय, थोडं लाल आहे पण पू नाही अशा वेळी, घरी करण्यासारखं बरंच आहे. कोमट पाण्यात दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवावा. मीठ घातलं तर चालेल, पण खरं काम पाण्याचं: नख आणि कातडी दोन्ही मऊ होतात. मग पाय नीट कोरडा करावा, बाजूची कातडी बोटाने हळूच नखापासून दूर सारावी, आणि नखाच्या कोपऱ्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवावी, म्हणजे कड मांसाच्या वर राहते. वात रोज बदलायची. कातडी चिकटपट्टीने खालच्या बाजूला ओढून ठेवण्याचीही रीत आहे. या काळात बूट बंद, पुढून उघडी चप्पल चालू. आठवडा-दोन आठवड्यांत उतार पडला नाही, पू आला, किंवा कडेला लालबुंद, हात लावताच रक्त येणारं मांस वाढलं, तर घरचा कारभार थांबवून डॉक्टरकडे जावं. मधुमेह असणाऱ्यांनी यातलं काहीच घरी करू नये. ते का, ते पुढे येईल.

‘गोळ्यांचा कोर्स केला की जातं.’

केमिस्टकडून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणायच्या, सूज उतरली की विसरायचं, महिन्याने पुन्हा तोच केमिस्ट. गोळ्या जंतूंवर काम करतात, नखावर नाही. कड आत असेपर्यंत जखम उघडी राहते, आणि उघड्या जखमेत जंतू परत येणारच. लाली नखाच्या कडेपुरती असेल तर रुतलेली पट्टी काढल्यावर पू बहुतेक वेळा आपोआप आटतो. लाली पावलावर पसरत असेल, ताप असेल, मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर अँटिबायोटिक लागतं, आणि ते डॉक्टरांनी ठरवलेलं लागतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही अशीच गल्लत होते. ‘टीटी घेतलंय, आता पिकणार नाही,’ असं लोक निर्धास्तपणे सांगतात. ती लस धनुर्वातापासून वाचवते. अंगठ्यातल्या पुवाशी तिचा काही संबंध नाही.

आता शस्त्रक्रियेकडे येतो. भीती सगळी तिथेच साठलेली असते.

अख्खं नख उपटतात, असं वाटतं. पूर्वी ते सर्रास होत असे, अजूनही काही ठिकाणी होतं. माझंही एका दवाखान्यात तसंच झालं. पंधरवड्यात अंगठा शांत झाला, आणि वर्षभराने नवं नख वाढून आलं ते त्याच कडेला रुतत. यात नवल नाही. मूळ तसंच ठेवून नुसतं नख उपटलं तर निम्म्याहून जास्त जणांना हा त्रास पुन्हा होतो.

आज बहुतेक ठिकाणी करतात ते असं. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बधिरतेचं इंजेक्शन देतात. ते दुखतं, दुखत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण ते काही सेकंदांचं असतं, आणि पाच-दहा मिनिटांत अंगठा आपला राहत नाही. रक्त थांबावं म्हणून बुडाशी घट्ट रबर बांधतात. मग रुतलेल्या बाजूची जेमतेम तीन-चार मिलिमीटरची उभी पट्टी मुळापर्यंत कापून ओढून काढतात. बाकीचं नख जागेवर राहतं. शेवटी कापसाच्या काडीने तेवढ्याच जागेच्या मुळावर मिनिटभर फिनॉल लावतात, म्हणजे तिथून पुन्हा नख उगवत नाही. या पद्धतीत त्रास परत येण्याचं प्रमाण शंभरात चार-पाच जणांच्या आसपास असतं. सगळं मिळून अर्धा तास, आणि माणूस स्वतःच्या पायांनी घरी जातो.

फिनॉल म्हटलं की हमखास कोणीतरी विचारतं, ‘म्हणजे लादी पुसायचं फिनाईल?’ नाही. फिनॉल म्हणजे कार्बोलिक आम्ल, ज्याच्या जोरावर जोसेफ लिस्टरने १८६५ मध्ये जखमा निर्जंतुक ठेवायला सुरुवात केली. नखाच्या मुळासाठी वापरतात ते तीव्र असतं, आजूबाजूची कातडी सांभाळून मोजून लावावं लागतं. घरी कोणी बाटली उघडून प्रयोग करू नये म्हणून हे सांगितलं.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे जखमेतून पाण्यासारखा स्राव येतो. त्याला लोक पू समजून घाबरतात. हा फिनॉलने भाजलेल्या जागेचा स्राव असतो आणि हळूहळू कमी होत जातो. ठणका आणि लाली दिवसेंदिवस वाढायला लागली तर मात्र परत दाखवायचं.

इथे एक ट्रॉम्बेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पट्ट्या, हातमोजे, सिरिंजा असं साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारा आपल्या देशातला पहिला प्रकल्प, ‘आयसोमेड’, भाभा अणुसंशोधन केंद्राने १९७४ मध्ये इथेच सुरू केला. सीलबंद खोकी कोबाल्ट-६० च्या समोरून जातात आणि वेष्टन न उघडता आतले जंतू मरतात. ‘मग ती पट्टी किरणोत्सारी होत असेल,’ ही शंका मी बीएआरसीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांकडूनही ऐकली आहे. होत नाही. हे किरण पट्टीतून आरपार जातात, तिच्यात मागे काही उरत नाही. उन्हात वाळवलेला शर्ट अंधारात चमकत नाही, तसंच.

बुटांचा विषय थोडक्यात. माहुल-चेंबूरच्या रिफायनऱ्यांत, खत कारखान्यात, वीज केंद्रात पोलादी टोपीचे सेफ्टी शूज सक्तीचे असतात, आणि ते असायलाच हवेत. दोष पोलादाचा नाही, मापाचा. स्टोअरमध्ये मिळाला तो नंबर पायात घालायचा, घामाने भिजलेले मोजे आणि आठ तासांची पाळी, म्हणजे अंगठ्याचं मांस नखावर दाबलं जाणारच. पाय संध्याकाळी थोडे सुजलेले असतात. माप तेव्हा घ्यावं. शाळेचे बूट जूनमध्ये घेतात आणि जानेवारीत मुलाची बोटं आत दुमडलेली असतात, तेही इथेच येतं.

मधुमेहाचं मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. ‘दुखत नाही, म्हणजे बरं आहे,’ हे वाक्य इतर कुठल्याही गैरसमजापेक्षा धोक्याचं. रुतलेलं नख तरण्या माणसाला रात्रभर जागवतं, म्हणून तो दवाखान्यात पोचतो. वर्षानुवर्षं साखर वाढलेली असेल तर पायाच्या नसा बधिर होतात. नख रुतलेलं असतं, पू असतो, पण ठणकाच नसतो. मोज्यावर डाग दिसतो तेव्हा घरच्यांना कळतं. शिवाय पायाकडचा रक्तपुरवठा कमी असेल तर साधी जखमही भरत नाही आणि संसर्ग हाडापर्यंत उतरू शकतो. कोमट म्हणून घेतलेलं पाणी कढत निघालं तरी अशा पायाला समजत नाही, फोड येतात. म्हणून या मंडळींनी रोज रात्री पावलं पाहावीत, वाकता येत नसेल तर आरसा धरून किंवा नातवाला सांगून, आणि नखाच्या कडेला जरा लाली दिसली तरी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी. लाली घोट्याकडे चढतेय, ताप आहे, अंगठा काळा-निळा पडतोय, असं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये.

यासाठी मोठ्या खासगी रुग्णालयाची गरज नाही. पालिकेच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन गोवंडीचं शताब्दी, घाटकोपरचं राजावाडी किंवा शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय गाठता येतं. केसपेपर सर्जरीचा काढायचा, त्वचारोग विभागातही नखाची कामं होतात. अणुशक्तिनगरात राहणाऱ्या केंद्राच्या कर्मचाऱ्यांना तिथलं बीएआरसीचं रुग्णालय आहे, विमा उतरवलेल्या कामगारांना ईएसआय. जाताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चिठ्ठी न्या, साखरेचा ताजा रिपोर्ट न्या, पूर्वी दातांच्या वगैरे इंजेक्शनने त्रास झाला असेल तर आधीच सांगा. सोबत कोणीतरी असू द्या, स्कूटर घरी ठेवा. आणि चप्पल पुढून उघडी घाला. पट्टी बांधलेला अंगठा बुटात मावत नाही, हे मला रिक्षाच्या रांगेत एक बूट हातात धरून उभं राहिल्यावर कळलं.