ढिल्या तारांचं वजन

हेवी मेटलमधलं ‘हेवी’ नेमकं कुठे ऐकू येतं असं कुणी विचारलं, तर मी ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ लावून देतो. ब्लॅक सॅबथचा हा तिसरा अल्बम. १९७१ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लंडनच्या आयलंड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच उन्हाळ्यात बाजारात आला. आठ रचना, त्यातल्या दोन अगदी छोट्या आणि बिनशब्दांच्या. सगळा ऐवज पस्तीस मिनिटांच्या आतबाहेर. पन्नासहून अधिक वर्षांत ध्वनिमुद्रणाचं तंत्र कुठल्या कुठे गेलं, अ‍ॅम्प दहापट उग्र झाले, तरी ‘इन्टू द व्हॉइड’मधली गिटार आजही खोलीतली हवा जड करते. तिच्यात डिस्टॉर्शन किती आहे हे नीट ऐकलं तर आश्चर्य वाटतं. आजच्या कुठल्याही मेटल बँडपेक्षा कमीच आहे. मग हे वजन येतं कुठून?

गिटारवाल्यांच्या गप्पांत याचं उत्तर सामानाच्या यादीने दिलं जातं. कुठली गिटार, कुठला अ‍ॅम्प, कुठला बूस्टर. ती यादी पुढे येईलच, कारण ती महत्त्वाची आहे. पण ती दुसऱ्या क्रमांकाची. पहिला क्रमांक एका हाताचा, आणि त्या हाताला झालेल्या इजेचा.

सॅबथचा गिटारवादक टोनी इओमी १९४८ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मला. डावखुरा, त्यामुळे तारा छेडायच्या डाव्या हाताने आणि पडद्यांवर बोटं ठेवायची उजव्या. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. एका बँडबरोबर युरोपला जायचं ठरलं, म्हणून नोकरी सोडली. शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आल्यावर परत जावंसं वाटेना, पण घेतलेलं काम पुरं करून ये म्हणून आईने त्याला पाठवलं. त्या दिवशी पत्रा दाबणाऱ्या यंत्रावरची कामगार आली नव्हती, तिच्या जागी याला उभं केलं. यंत्र हातावर आलं, त्याने दचकून हात मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटून गेली. गिटार वाजवणाऱ्याच्या दृष्टीने हाताचा अर्धा भाग गेला म्हणायचा. डॉक्टरांनी वाजवणं विसरायला सांगितलं. कारखान्याच्या फोरमनने मात्र घरी येऊन त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितलं, की या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झाली आहेत आणि हे वादन उरलेल्या दोन बोटांचं आहे.

इओमीने त्यानंतर जे केलं ते कारागिराचं काम आहे. भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्याचा गोळा करून बोटावर बसेल असं अंगुस्तान घडवलं, पॉलिश पेपरने घासून आकाराला आणलं. नुसतं प्लास्टिक तारेवरून सटकायचं, म्हणून जुन्या चामडी जाकिटाचे तुकडे कापून वर चिकटवले. त्या दोन बोटांना तारेचा स्पर्श कळत नाही. तार किती दाबली, किती खेचली, हे त्याला कानानेच ठरवावं लागतं. जाड तारा ताणणं तर अशक्यच होतं. तेव्हा तिथे बारीक तारांचे संच सहजी मिळत नसत. त्याने बँजोच्या तारा आणून गिटारवर चढवल्या. बारीक तारांचा संच काढा म्हणून कंपन्यांकडे खेटे घातले, तर असल्या तारा कोण घेणार असं त्याला सुनावलं गेलं. पुढे सगळं जग त्या तारा वापरू लागलं.

पहिले दोन अल्बम, म्हणजे फेब्रुवारी १९७० चा ‘ब्लॅक सॅबथ’ आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेला ‘पॅरानॉइड’, नेहमीच्या जुळणीत वाजवलेले आहेत. तिसऱ्या अल्बमच्या वेळी इओमीने एक गोष्ट केली, आणि माझ्या मते मेटलच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा निर्णय आहे. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’, ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ आणि ‘इन्टू द व्हॉइड’ या तिन्हींसाठी त्याने सगळ्या तारा तीन अर्धस्वरांनी, पेटीच्या भाषेत तीन पट्ट्यांनी, उतरवल्या. सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ८२.४ हर्ट्झवरून ६९.३ हर्ट्झवर आला.

कारण साधं होतं. तारा सैल झाल्या की दुखऱ्या बोटांना आराम, आणि सूरही भरदार. पण त्यातून जे घडलं ते आरामापुरतं राहिलं नाही. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे तीन पट्ट्या उतरवल्या की ताण जवळजवळ २९ टक्क्यांनी घटतो. त्यात तारा मुळात बारीक, आणि त्याच्या गिब्सन एसजीची तारेची लांबी २४.७५ इंच, फेंडर स्ट्रॅटोकास्टरपेक्षा पाऊण इंच कमी. तीन बाजूंनी ढिलाई. अशी तार जोरात छेडली की आघाताच्या क्षणी सूर किंचित चढतो आणि मग आपल्या जागी खाली बसतो. ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ हेडफोन लावून ऐका. रिफमधला, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यातला, प्रत्येक जाड सूर आधी वर उसळतो आणि मग कोसळतो. हे वजन तिथलं आहे. सूर जमिनीवर टेकताना आपण ऐकतो.

दुसरी गोष्ट बोटांच्या मांडणीची. गिटारवरचे बरेचसे पूर्ण कॉर्ड चारही बोटं मागतात. इओमीची तर्जनी आणि करंगळी शाबूत होती. तो षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज एवढंच धरणाऱ्या पॉवर कॉर्डकडे वळला. त्यात गंधार नाही, ना कोमल ना शुद्ध, त्यामुळे तो आनंदीही नाही आणि दुःखीही नाही. डिस्टॉर्शनला नेमकं हेच मानवतं. अ‍ॅम्पवर त्याच्या ताकदीबाहेरचा सिग्नल घातला की लहरींचे माथे चपटे होतात, आणि त्या चपटेपणातून नवनवे स्वर जन्मतात. प्रत्येक सुराचे वरचे स्वरांश तर वाढतातच, शिवाय दोन सुरांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. षड्ज आणि पंचमाचं नातं दोनास तीन. वजाबाकी केली तर उरतं एक, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. कुणी न वाजवलेला खर्ज आपोआप उभा राहतो. गंधार घातला असता तर याच बेरजा-वजाबाक्यांचा चिखल झाला असता.

आपल्या कानांना हे परकं नाही. तानपुऱ्यावर बहुधा पंचम-षड्जच लावलेले असतात, आणि घोडीवर जवारी काढून तारेचा आवाज मुद्दाम ‘खराब’ केलेला असतो, म्हणजे त्यातले स्वरांश उमलून बाहेर यावेत. शांत तानपुरा आणि सॅबथचा रिफ यांत जमीन-अस्मानाचा फरक असला तरी दोन्हीकडे कारागिराने शोधलेली गोष्ट एकच आहे. शुद्ध स्वरापेक्षा किंचित झणझणणारा स्वर अधिक जागा व्यापतो.

आता सामानाची यादी. पहिल्या अल्बमच्या वेळी इओमी स्ट्रॅटोकास्टर घेऊन स्टुडिओत गेला होता. एक गाणं झाल्यावर तिचा पिकअप बंद पडला आणि जोडीला आणलेली एसजी हातात आली. ही १९६५ ची डावखुरी एसजी त्याने अदलाबदलीत मिळवलेली. त्याच्याकडे उजव्या हाताची होती जी तो उलटी धरून वाजवायचा, आणि समोर भेटला तो उजव्या हाताचा माणूस डावखुरी गिटार उलटी धरून वाजवणारा. दोघांचीही सोय झाली. गिटारवर व्हायोलिन वाजवणाऱ्या माकडाचं स्टिकर, म्हणून तिचं नाव ‘मंकी’. अ‍ॅम्प लेनीचा, शंभर वॅटचा, व्हॉल्व्हवाला. लेनी ही कंपनीही बर्मिंगहॅमचीच, १९६७ साली सुरू झालेली. गावातल्या पोरांनी गावातल्या कारखानदाराचा अ‍ॅम्प घेतला, एवढी साधी ती गोष्ट.

या यादीतली सर्वांत बोलकी वस्तू मात्र सर्वांत लहान आहे. डॅलस रेंजमास्टर नावाची डबी. आत एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर, बाहेर एक बटण. तिचं काम तारसप्तकाकडचा भाग वाढवणं. इतका जड आवाज काढणारा माणूस तारांकडून येणारा खर्ज अ‍ॅम्पमध्ये जाण्याआधी कमी करत होता, हे प्रथम वाचलं की विश्वास बसत नाही. पण विचार केला की कळतं. खर्जात ताकद जास्त असते. तो जसाच्या तसा व्हॉल्व्हवर गेला तर तोच आधी फाटतो आणि त्याच्या लगद्यात बाकी सूर बुडतात. आधी खर्ज छाटून मधला भाग पुढे केला की व्हॉल्व्ह त्या मधल्या भागाला चिरडतात, कडा स्पष्ट राहतात. खर्जाची भर पुढे अ‍ॅम्प, स्पीकरची पेटी आणि अर्थातच बास गिटार घालते. १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, त्यामुळे डिस्टॉर्शनमधला किरकिरा भागही तिथेच गळतो. नवशिके वादक घरी सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून हा टोन शोधतात आणि त्यांच्या हाती गोंगाट लागतो तो यामुळेच.

बास गिटारवर गीझर बटलर. तो मुळात ऱ्हिदम गिटारवाला, बँडसाठी बासकडे वळलेला, आणि त्याने तिसऱ्या अल्बमसाठी आपल्याही तारा इओमीबरोबर खाली आणल्या. त्याची जाड तार ४१ हर्ट्झवरून सुमारे ३५ वर गेली. अनेक ठिकाणी तो इओमीचाच रिफ एक सप्तक खाली वाजवतो, आणि आपण ज्याला ‘गिटारचा टोन’ म्हणतो त्यातला मोठा वाटा त्याचा आहे. त्याला त्याचं श्रेय पुरेसं मिळालेलं नाही असं मला ठामपणे वाटतं. बिल वॉर्डचे ड्रम जॅझ ऐकून वाढलेल्या हातांचे. तो प्रत्येक मात्रा ठोकून भरत नाही, रिफला मोकळी जागा देतो आणि मधल्या फटींमध्ये शिरतो. ऑझी ऑस्बॉर्नचा आवाज उंच, पातळ, नाकातला. गिटार ज्या भागात पसरली आहे त्याच्या वरून तो जातो, तिच्या अंगावर पडत नाही. निर्माता रॉजर बेन याने या चौघांमध्ये फारशी ढवळाढवळ केली नाही. उगीच थरावर थर चढवलेले नाहीत.

मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ६९ हर्ट्झ वाजूच शकत नाही. तरीही त्यावर हा अल्बम लावला की जडपणा जाणवतो. कान वरच्या स्वरांशांवरून खालचा सूर स्वतःच भरून काढतो, आणि डिस्टॉर्शनने त्या स्वरांशांची कानाला रेलचेल करून दिलेली असते. एखादा टोन जुन्या रेडिओवर, गाडीत, शेजारच्या भिंतीपलीकडूनही ओळखू येतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि क्रम. हा अल्बम सुट्या गाण्यांनी ऐकणाऱ्यांचं फार नुकसान होतं. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’च्या आधी ‘एम्ब्रियो’ हा अर्ध्या मिनिटाचा तुकडा आहे. दुसऱ्या बाजूची सुरुवात ‘ऑर्किड’ने, इओमीने एकट्याने अकूस्टिक गिटारवर वाजवलेल्या दीड मिनिटाने. नाजूक, जुन्या युरोपीय वळणाची चाल. तिच्यामागून ‘लॉर्ड ऑफ धिस वर्ल्ड’ येतं. पुढे ‘सॉलिट्यूड’मध्ये त्याच माणसाने बासरी वाजवली आहे, आणि लगेच मागे ‘इन्टू द व्हॉइड’. वजन कळायला आधी हलकं काही हातात द्यावं लागतं, हे तेविशीच्या या पोराला पक्कं ठाऊक होतं.

ब्रिटनमध्ये हा अल्बम पाचव्या आणि अमेरिकेत आठव्या क्रमांकापर्यंत गेला. नंतर कायस आणि स्लीपसारख्या बँडनी जवळजवळ या एका अल्बमवर आपलं घर बांधलं, सिअ‍ॅटलच्या साउंडगार्डन आणि अ‍ॅलिस इन चेन्सनी तारा खाली आणल्या, आणि पुढच्या मेटलने त्याहूनही खाली. खाली उतरणं सगळ्यांना जमलं. ढिल्या तारेवर सूर नेमका बसवणं थोड्यांनाच जमलं, कारण ढिली तार जराशा जादा दाबाने बेसूर होते. ज्याच्या दोन बोटांना स्पर्शच नाही त्याने ती अर्धशतकभर सुरात ठेवली.

बर्मिंगहॅमने २०१९ साली ब्रॉड स्ट्रीटवरच्या कालव्यावरील पुलाला बँडचं नाव दिलं. ५ जुलै २०२५ रोजी हे चौघे ज्या ॲस्टन भागात वाढले तिथल्याच व्हिला पार्क मैदानावर त्यांनी अखेरचं एकत्र वाजवलं, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ऑझी गेला. व्हिला पार्कवर त्या संध्याकाळी सॅबथने चार गाणी वाजवली, चारही पहिल्या दोन अल्बममधली. ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’तलं एकही नव्हतं. लोकप्रियतेच्या हिशेबाने ते बरोबरच, पण नव्याने ऐकणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. आधी ‘पॅरानॉइड’मधलं ‘आयर्न मॅन’ ऐका, मग ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ची दुसरी बाजू ‘ऑर्किड’पासून शेवटपर्यंत, एकही रचना न वगळता आणि शक्यतो चांगल्या हेडफोनवर. त्या तीन पट्ट्यांचा फरक तुमचा कान स्वतःच ओळखेल.