नुकसान झालं म्हणजे अपकृत्य झालं?

नाही. एवढं एक उत्तर मनात पक्कं बसलं, तर टॉर्टचा निम्मा पेपर सोपा होतो. तरी दरवर्षी उत्तरपत्रिकांत तेच वाक्य येतं: ‘अ चे नुकसान झाले आहे, म्हणून ब भरपाई देण्यास जबाबदार आहे.’ हा ‘म्हणून’ कुठून आला, ते कोणी लिहीत नाही. गंमत नव्हे, चिंता वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. त्याच उत्तराच्या सुरुवातीला ‘डॅम्नम सायनी इन्ज्युरिया’ (हक्कभंगाविना नुकसान) हे सूत्र बिनचूक लिहिलेलं असतं आणि पान उलटलं की त्याच्या नेमका उलट निष्कर्ष काढलेला असतो. सूत्र पाठ झालं, पण विचार जागचा हलला नाही.

अपकृत्याच्या दाव्यात न्यायालय आधी विचारतं, वादीचा कोणता कायदेशीर हक्क मोडला? त्याला उत्तर मिळालं, तरच नुकसान किती आणि भरपाई किती, याकडे वळता येतं. हक्कच मोडला नसेल, तर तोटा कितीही मोठा असो, दावा उभा राहत नाही.

1410 सालचा ग्लॉस्टर ग्रामर स्कूलचा खटला सगळ्यांना ठाऊक असतो. दोन मास्तर शाळा चालवत होते. आणखी एकाने तिथेच नवी शाळा काढली आणि जुन्या मास्तरांना फी 40 पेन्सवरून 12 पेन्सवर आणावी लागली. तोटा खरा होता, मोजता येण्यासारखा होता. दावा तरी फेटाळला गेला, कारण मुलांनी आपल्याच शाळेत यावं असा हक्क त्यांना कोणी दिलेला नव्हता.

सहाशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड दूरचं वाटत असेल, तर आपल्या शिवारात या. शेजाऱ्याने स्वतःच्या रानात खोल बोअर मारला आणि तुमची विहीर आटली. ऊस वाळला, कर्ज डोक्यावर राहिलं. शेजाऱ्याने भरून द्यायला हवं, असं गावात कोणीही म्हणेल. मात्र 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम 7 आणि त्याखालची उदाहरणं वाचा. ठरावीक प्रवाहमार्ग नसलेलं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा हक्क तिथे जमीनमालकाला दिलेला आहे. शेजाऱ्याने आपला हक्क वापरला. तुमचा तोटा झाला, पण तुमचा हक्क मोडला नाही.

‘पण त्याने मुद्दाम केलं असेल तर?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. ब्रॅडफर्ड कॉर्पोरेशन विरुद्ध पिकल्स या 1895 च्या खटल्यात हाच प्रश्न होता. शहराच्या पाणीपुरवठ्यात अडथळा आला तर पालिका आपली जमीन किंवा पाणी विकत घेईल, या हिशेबाने पिकल्सने स्वतःच्या जमिनीत खोदकाम केलं, असा आरोप होता. हाउस ऑफ लॉर्ड्‌सने सांगितलं की कृती कायदेशीर असेल, तर वाईट हेतूने ती बेकायदा होत नाही. द्वेषमूलक खटला भरण्यासारख्या मोजक्या अपकृत्यांत हेतू पाहिला जातो, एरवी नाही.

दुष्काळी तालुक्यांसाठी बोअरचा हा नियम मला अन्यायाचा वाटतो. कायदेमंडळालाही काही प्रमाणात तसं वाटलं असावं. 1993 च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला बंदी केली आणि पुढे 2009 चा व्यापक कायदा आला. म्हणजे पाण्याबाबतची बंधनं बदलायला कायदा करावा लागला. विहीर आटल्याचं दुःख न्यायालयात मांडून हक्क तयार झाला नसता.

भावनांचंही तसंच आहे. ‘जय संतोषी माँ’ या चित्रपटात सरस्वती, लक्ष्मी आणि पार्वती मत्सरी दाखवल्याने धार्मिक भावना दुखावल्या, म्हणून चित्रपट थांबवा, असा दावा गुजरातमध्ये झाला होता. उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही (उषाबेन विरुद्ध भाग्यलक्ष्मी चित्र मंदिर, ए.आय.आर. 1978 गुजरात 13). वादी खरोखर दुखावले गेले असतील, पण भावना दुखावणं हे दिवाणी अपकृत्य म्हणून कायदा ओळखत नाही.

या गैरसमजाची सर्वांत मोठी किंमत इस्पितळांत मोजली जाते. रुग्ण दगावला की ‘डॉक्टरचा हलगर्जीपणा’ हा निकाल दारातच लागतो आणि कधी कधी तोडफोडही होते. मृत्यूपेक्षा मोठं नुकसान नाही, हे खरं. तरीही केवळ मृत्यूने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या शाखेच्या साधारण कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली का, हा निकष आहे. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या 2005 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो सविस्तर मांडला आहे.

म्हणून डॉक्टर कधी सापडतच नाही, असंही नव्हे. 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेत इथे एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं, तिथे भूल न देता जोर लावून हाड ओढलं गेलं आणि त्याच दिवशी तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरची जबाबदारी कायम ठेवली (लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले, ए.आय.आर. 1969 सुप्रीम कोर्ट 128). रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि तो उपचार देताना अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरचं काळजी घेण्याचं कर्तव्य असतं, हे त्या निकालाने सांगितलं. तिथे मृत्यूच्या आधी कर्तव्यभंग सापडला होता. विद्यार्थी मधली ही पायरीच गाळतात.

नाण्याची दुसरी बाजू: हक्क मोडला, पण पैशात मोजता येईल असं नुकसान शून्य. ‘मग दावा कसला?’ असं विचारणाऱ्यांनी ॲश्बी विरुद्ध व्हाइट (1703) वाचावा. मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याला हवा असलेला उमेदवार तरीही निवडून आला, आणि शेवटी दावा मतदारानेच जिंकला. आपल्याकडे जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना विधानसभेच्या अधिवेशनाला जाताना अटक करून अडकवून ठेवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये त्यांना 50,000 रुपये द्यायला लावले. खिशातून काय गेलं, हा प्रश्नच नव्हता.

इथे एक सावधगिरी हवी, कारण काही हुशार मुलं दुसऱ्या टोकाला जातात. हक्कभंगावर भागतं ते अपप्रवेश, बेकायदा अटकाव, अंगावर धावून जाणं यांसारख्या अपकृत्यांत. निष्काळजीपणात मात्र प्रत्यक्ष नुकसान दाखवावंच लागतं. ड्रायव्हरने बेफाम गाडी हाकली आणि कोणाला खरचटलंही नाही, तर पोलीस दंड करतील, पण निष्काळजीपणाबद्दल भरपाईचा दावा होणार नाही.

आता कानावर येणारे बाकीचे समज.

‘संहिता नाही, म्हणून भारतात टॉर्टचा कायदाच नाही.’ 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 2 मध्ये टॉर्टची व्याख्या आहे आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 9 अशा दाव्यांना दार उघडं ठेवतं.

‘सरकारवर दावा चालत नाही.’ राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती (1962) मध्ये सरकारी जीपच्या अपघाताची भरपाई राज्याला द्यावी लागली. सार्वभौम कामाचा बचाव अजून पुरता गेलेला नाही, पण तो सरसकट कवच नाही.

‘चूक सिद्ध केल्याशिवाय काहीच मिळत नाही.’ डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली. त्या प्रकरणात न्यायालयाने घातक उद्योगांवर निरपेक्ष दायित्व टाकलं, तिथे सावधगिरी घेतल्याचा पुरावा उपयोगी पडत नाही.

‘फौजदारीत सुटला, म्हणजे दिवाणीतही सुटला.’ फौजदारीत वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, दिवाणीत कोणती बाजू अधिक संभवनीय हे पाहतात. त्यामुळे दोन निकाल वेगळे लागू शकतात.

‘डनहू विरुद्ध स्टीव्हन्सनमध्ये बाटलीत गोगलगाय सापडल्याचं सिद्ध झालं.’ कधीच झालं नाही. 1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने ठरवलं ते इतकंच की वादीने सांगितलेली हकिकत खरी धरली, तर उत्पादकाचं ग्राहकाप्रती कर्तव्य निघतं. पुराव्याची पाळी येण्याआधीच प्रकरण तडजोडीत मिटलं.

‘दावा सवडीने लावता येतो.’ बदनामी, बेकायदा अटकाव आणि द्वेषमूलक खटला यांच्या भरपाईसाठी मुदत फक्त 1 वर्षाची आहे. ‘अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो’ असं सांगणाऱ्या पक्षकाराला पहिला प्रश्न तारखेचा विचारा.