आत्मविश्वास हातापायांना काम दिल्याने येतो

‘हिंमत सोडू नको, सगळं ठीक होईल.’ अपघातात पाय गेलेल्या किंवा लहानपणी पोलिओ झालेल्या माणसाने हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलेले असते! सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्याच घरात तो पाणी घ्यायला उठला की दोघे धावतात, बाजाराला निघाला की ‘तू कशाला, आम्ही आणतो ना’ म्हणून त्याला बसवतात, लग्नकार्याला सगळे गेले की घर सांभाळायला त्यालाच मागे ठेवतात. तोंडाने हिंमत द्यायची आणि वागण्यातून ती काढून घ्यायची, असे नकळत होत राहते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले लालबर्रा हे धानाच्या पट्ट्यातले गाव. अशा शेतीच्या मुलखात माणसाचे मोल अंगमेहनतीवर ठरते. रोवणीला बांधीतल्या चिखलात उभे राहता येत नाही, म्हणजे हा कामाचा नाही, असा हिशेब सहज मांडला जातो. तो रोज ऐकणारा माणूसही हळूहळू तसेच मानू लागतो. आत्मविश्वासाचा प्रश्न इथे सुरू होतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली या विषयाची नीट मांडणी केली. ‘हे मला जमेल’ हा भरवसा माणसाला चार वाटांनी मिळतो, असे त्यांनी दाखवले. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः काम करून ते तडीस नेणे. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे. तिसरी, विश्वासातल्या माणसाचे प्रोत्साहन. चौथी, शरीर आणि मन ठिकाणावर असणे. आपण मात्र सगळी भिस्त तिसऱ्या वाटेवर ठेवतो आणि पहिली बंद करून टाकतो.

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातला हा जवान लष्करात मुष्टियुद्ध खेळायचा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. जमिनीवर न हलणारे शरीर पाण्यात हातांच्या बळावर पुढे सरकत होते. पुढे क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेची मदत मिळाली आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच, पण तलाव होता, उपचार होते, खर्च उचलणारे हात होते. यातले काहीच नसते तर तीच जिद्द खाटेवर पडून राहिली असती.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची वाट वेगळी. सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले आणि निराशेने घेरले. अशा काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीतले, पण उद्योग सांभाळणारे आणि स्वतःसाठी बदल करून घेतलेली गाडी स्वतः चालवणारे. शंभर उपदेशांनी जे झाले नसते ते त्या दर्शनाने झाले. नसीमाताई शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. संस्थेच्या कामात वसतिगृह, शाळा आणि साधने बनवणारी कार्यशाळा आली. सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचा उद्योगही आला. मुलांना राहायला जागा, शिक्षण आणि हाताला काम एकाच वेळी मिळाले पाहिजे, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून ओळखले होते.

घरापुरते पाहिले तर सुरुवात फार लहान गोष्टींपासून होते. खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसण्याचेच बघा. खुर्ची खाटेला तिरपी लावायची, दोन्ही ब्रेक घट्ट करायचे, पाय टेकवायचे, एक हात खाटेवर आणि दुसरा खुर्चीच्या हातावर रोवून अंग उचलायचे आणि सरकायचे. पहिल्या दिवसांत कोणीतरी जवळ उभे राहावे, हात मात्र मागितल्यावरच द्यावा. हे एकट्याला जमले की सकाळी उठण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही. कण्याला दुखापत झालेल्यांनी बसल्या जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचे असते, नाहीतर बैठकीच्या जागी जखमा होतात. ही शिस्त अंगवळणी पडली की शरीराची भीती ओसरते.

दुसरी गोष्ट संडासाची. बाहेर सोय नसेल म्हणून कितीतरी जण, विशेषतः मुली, निघण्याआधी पाणी पीत नाहीत, आणि पुढे निघणेच टाळतात. घरात भिंतीला एक दांडी आणि बसायला कमोडची खुर्ची, एवढ्यानेही दिवस बदलतो.

तिसरी गोष्ट उंबरठ्याची. चाकाच्या खुर्चीच्या उताराला नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांचा उतार पुरे. शाळा, दुकान, बँक, ग्रामपंचायत यांच्या दाराशी असा उतार झाला की आत जाणारा माणूस उचलून नेण्याची वस्तू राहत नाही, गिऱ्हाईक आणि नागरिक होतो.

हे उपकार म्हणून मागायचे नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षण, सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण यांवर हक्क आहे. त्यासाठी वैद्यकीय तपासणी, प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) एवढे आधी हातात हवे. तीनचाकी, कॅलिपर, श्रवणयंत्रे बनवणाऱ्या ‘अलिम्को’ या सरकारी कंपनीचे एक केंद्र जबलपूरलाच आहे, आणि केंद्राच्या योजनेतून शिबिरांत ही साधने वाटली जातात. अर्ज भरायला सोबत जावे, पण सही ज्याचा अर्ज त्यालाच करू द्यावी आणि साहेबांशी त्यालाच बोलू द्यावे.

घरात कोणी अपंग असेल तर या आठवड्यात त्याच्या हाती एक खरे काम सोपवा: दुकानाचा हिशेब, धान विक्रीची नोंद, धाकट्यांचा अभ्यास, काहीही. चुकले तर चुकू द्या, दुरुस्त त्यालाच करू द्या, आणि कमाई झाली तर ती त्याच्याच खात्यात जमा करा.